दोनशे चौदाव्या पानाची कड

मुखेड, दि. ९ फेब्रुवारी २०२२

ती. गुरुलिंगअण्णांस,
शिल्पाचा सा. न. वि. वि.

परवा तुमचा फोन आला. मी तीन वेळा सांगितलं की मला मणक्याचा टीबी झालाय, आणि तिन्ही वेळा तुम्ही विचारलंत की पाहुणे कधी निघाले. अडतीस वर्षं छपाईच्या मशीनशेजारी बसून पुस्तकं बांधली की कानांचं असं होतं, हे कबूल. पण आजारी बहिणीनं ओरडायचं तरी किती? डॉक्टरांनी जोर लावायला बंदी केली आहे. म्हणून हे पत्र. हे तरी नीट ऐका.

नांदेडचे डॉक्टर म्हणतात, निदान नऊ महिने पाठीवर सपाट पडून राहायचं. बसायचं नाही. कूस बदलायची तर ओंडका लोटल्यासारखं सगळं अंग एकदम. गोळ्या दीड वर्ष. पाय पुन्हा चालतील का विचारलं, तर बहुतेक चालतील म्हणाले. शिवाय रोज अंडी खायला सांगितलीत. त्यावर आमच्या सासूबाई, गुणाबाई, म्हणाल्या की गळ्यात लिंग हाय, ह्या घरात अंडं शिजनार न्हाई. तुमचे मेहुणे शिवशंकर आता पेंडीच्या दुकानात चहाच्या भांड्यात अंडी उकडतात आणि खिशात घालून आणतात. माझ्या शिलाई मशीनवर सासूबाईंनी पापडाचे डबे रचलेत.

भेटायला रोज कुणीतरी येतं. येणारा मोसंबी आणतो आणि याच आजारानं गेलेल्या एकाची हकीकत सांगून जातो. देगलूरच्या मावशीनं दोघांच्या सांगितल्या, मोसंबी मात्र एकच पिशवी.

आता हसायचं असेल तर हसून घ्या. मी कादंबरी लिहिणार आहे. २००३ साली बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, आई आजारी पडली आणि तुम्ही कॉलेजात जाऊन माझं नाव कमी करून आलात. वर्षाच्या आत आई गेली, माझं लग्न झालं, आणि कॉलेजात परत जायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, म्हणजे माझ्याखेरीज. तेव्हापासून मी लिहिलंय ते फक्त ब्लाउजची मापं आणि किराण्याची यादी. आता मात्र ऊठ, कामं पडलीत, असं मला कुणी म्हणू शकत नाही. ही सोय पुन्हा मिळायची नाही. ती छापूनही यायला पाहिजे. पाय चालोत न चालोत.

कळावे. लोभ तुम्हाला ऐकू येत नाही हे ठाऊक आहे, तरी असू द्यावा.
तुमची,
शिल्पा


लातूर, दि. २१ फेब्रुवारी २०२२

चि. सौ. शिल्पास,
अ. उ. आ.

पत्र पोचले. आजार कळला. अंडी खा. लिंगाचे काय ते मी बघतो.

कादंबऱ्या मी शेकड्याने बांधल्या, वाचली एकही नाही. हातात घेतल्या की वजनावरून कळते, बहुतेकींत शंभर पाने जास्तीची असतात. तुला लिहायचे तर लिही. पाठीवर पडून दुसरे काय करणार. तुझ्या वहिनीने शेंगदाण्याचे लाडू दिले आहेत, त्यासोबत चारशे कागद पाठवतो. एक शाळा बंद पडली, तिचे हजेरीचे कोरे कागद माझ्याकडे पडून होते. जरा पिवळे पडलेत. रद्दीतच जायचे होते, म्हणून उपकार मानू नकोस.

उताणे पडून बॉलपेन चालत नाही, शाई मागे येते. शिसपेन्सिली घातल्या आहेत.

आमचे प्रेम गृहीत धरावे, विचारू नये.
गुरुलिंग


मुखेड, दि. ३० ऑगस्ट २०२२

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या कागदांवर वरून एक ते एकतीस तारखा आणि बाजूला विद्यार्थ्याचे नाव अशी रकानेवारी आहे. माझी माणसं त्या रकान्यांतून चालतात. काही गैरहजर राहतात. कादंबरीचं नावच मी 'हजेरी' ठेवलंय.

शिवशंकरांनी आढ्याला दोऱ्या बांधून एक प्लायवूड माझ्या तोंडावर टांगलंय. कागद त्याला चिमट्यानं लावायचा आणि हात वर करून लिहायचं. पेन्सिलीचा भुगा डोळ्यांत पडतो. दहा ओळींत दंड भरून येतो. हात घसरत घसरत उजवीकडे जातो, म्हणून शब्द पार कडेपर्यंत नेते. तसंही कागद वाया घालवायची आपल्याकडे रीत नाही. सासूबाई आल्यागेल्याला सांगतात की बिमार मानसानं देवाचं नाव घ्यावं, आमची सून छताकडं बघून काय गिरगटून राहिली कुनास ठाऊक. शेजारच्यांना वाटतं औषध डोक्यात गेलं. गोळ्यांनी मळमळतं, लघवी नारिंगी होते आणि डाव्या पायाला मुंग्या येतात. परवा अंगठा हलला. मी कुणाला सांगितलं नाही. नाहीतर लगेच म्हणाले असते की मग आता भाकऱ्या टाक.

कादंबरीत एक दादा आहे. तो तुम्ही नाही असं मी म्हणणार नव्हते, आणि म्हणतही नाही. वाचणार तर तुम्ही नाहीच, मग कशाला घाबरू?

वहिनींना नमस्कार. तुमच्यावर जितका राग तितकाच लोभ, कमीजास्त करू नये.
शिल्पा


मुखेड, दि. ११ जानेवारी २०२३

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

मी उभी राहिले. कमरेला पट्टा आहे, चाल नवीन वासरासारखी आहे, पण उभी आहे. संक्रांतीला तीळ कुटायला बसवायचा बेत घरात आत्ताच शिजतो आहे.

कादंबरी पुरी झाली, तीनशे बारा पानं. नांदेडच्या एका साहित्य मंडळाची पहिल्या कादंबरीची स्पर्धा आहे, बक्षीस म्हणून ते पुस्तक छापतात. हस्तलिखित चालतं. मुदत ३१ जानेवारी. सुटे कागद मी देणार नाही, असल्या ठिकाणी पानं पंख्याखाली उडतात. तुम्हीच नेहमी म्हणता की सुटे कागद म्हणजे रद्दी, बांधले की पुस्तक. तेव्हा बांधून द्या. शिवशंकर उद्या हे पत्र आणि कागद घेऊन येतील.

एक ध्यानात ठेवा, दुसरी प्रत नाही. पेन्सिल इतकी फिकी आहे की झेरॉक्स कोरी येते. मोबाइलवर फोटो काढून बघितले, नुसता करडा धूर दिसतो. ही एवढीच आहे. अकरा महिने छताकडे बघून केलेली.

भरवसा ठेवते. लोभापेक्षा आज तोच जास्त हवा.
शिल्पा


लातूर, दि. २३ जानेवारी २०२३

चि. सौ. शिल्पास,
अ. उ. आ.

बांधणी चांगली झाली आहे. शिवण पक्की, पुठ्ठा जाड, पाठीला कापड. पण माझ्या हातून चूक झाली.

शिवून झाल्यावर पुस्तक मशीनखाली घालून तीन बाजू कापायच्या, ही रीत आहे. कडा वरखाली ठेवून पुस्तक गिऱ्हाइकाला देणारा बाइंडर मी अजून बघितला नाही. अडतीस वर्षांत हाताला सवय झाली आहे, डोके लागत नाही. बोटभर कापले. कापून झाल्यावर उघडले तेव्हा दिसले की तू शब्द कडेपर्यंत नेले आहेस. आता प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द नाही. तू पत्रात लिहिले होतेस, मी वाचलेही होते. लक्षात राहिले नाही.

पुस्तक तूर्त माझ्याकडेच ठेवतो.
गुरुलिंग


मुखेड, दि. २८ जानेवारी २०२३

अण्णा,

नमस्कार वगैरे वरून घ्या.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. शिवण पक्की आहे, हे वाचून फार बरं वाटलं. माझं मयत निघालं तरी तिरडीच्या गाठी कशा सुबक बसल्या ते तुम्ही लिहाल.

वीस वर्षांपूर्वी तुम्ही मला हजेरीतून कापलंत. तेव्हाही रीत होती, आई आजारी पडली की लेकीनं घरी बसायचं. लेकाला कुणी विचारत नाही. आणि आता माझी हजेरी हाती दिली तर तीही रीतीप्रमाणेच कापलीत. तुमचा हात काही चुकत नाही अण्णा, तो नेहमी एकाच जागी पडतो. लोक म्हणतात तुम्ही बहिरे झालात. मी म्हणते तुम्हाला पहिल्यापासूनच ऐकू येत नव्हतं, फक्त आता डॉक्टरचा कागद मिळालाय.

मुदतीला तीन दिवस उरलेत, म्हणजे गेलीच. मी आता बसू शकते, पण जे पडून लिहिलं ते बसून आठवत नाही. ओळीच्या टोकाला काय होतं याचा विचार करते आणि डोकं रिकामं होतं. सासूबाई म्हणाल्या की बरं झालं, इडा टळली. मशीनवरचे पापडाचे डबे काढलेत, उद्यापासून ब्लाउज घेणार आहे. ते पुस्तक तुमच्याकडेच ठेवा. जाड आहे, दार उडत असेल तर अडणीला लावा.

लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.
शिल्पा


लातूर, दि. २ मे २०२३

चि. सौ. शिल्पास,
अ. उ. आ.

सोबत पार्सल आहे. दार आमचे उडत नाही, म्हणून परत पाठवतो.

कातरण मी गोणीत भरतो, रद्दीवाला पंधरवड्याने येतो. म्हणून वाचली. गोणीत तुझ्या पट्ट्या होत्या, दोन सोसायट्यांच्या रजिस्टरांच्या होत्या, एका वकिलाच्या फायलींच्या होत्या. तुझ्या पिवळ्या आणि पेन्सिलीच्या, म्हणून वेगळ्या निघाल्या. पण कोणती पट्टी कोणत्या पानाची हे वाचल्याशिवाय कळेना. ओळ वाचायची, तिला कोणता शब्द पाहिजे ते बघायचे, मग पट्ट्यांत तो धुंडायचा आणि मागून पतंगाचा कागद लावून चिकटवायचा. दिवसाला चार पाने झाली तर पुष्कळ. तुझी वहिनी म्हणाली की म्हातारपनी याड लागलं. तीन महिने गिऱ्हाइके परत लावली.

म्हणजे कादंबरी वाचावीच लागली, आणि तीही शब्दाला हात लावून. माझी ही पहिली, शेवटचीही असो. पहिली साठ पाने उगाच आहेत. नवरा फार चांगला दाखवला आहेस, कुणाला पटणार नाही. आई बरोबर आली आहे. ती पदर तोंडाशी धरून कशी खोकायची ते आले तेव्हा मी हातातले काम ठेवले. चार वर्षांत मला इतके स्पष्ट काही ऐकू आले नव्हते.

सगळ्या पट्ट्या लागल्या, एक सोडून. पान दोनशे चौदा. तिथे प्रकरण संपवायला जागा पुरली नाही म्हणून तू अगदी खालच्या कडेला दोन ओळी कोंबल्या होत्यास. त्या खालून कापल्या गेल्या. ती पट्टी सापडली नाही. प्रकरण तुटल्यासारखे दिसत होते म्हणून तिथे मी शाईने दोन ओळी लिहिल्या आहेत. पेन्सिल तुझी, शाई माझी, त्यामुळे घोटाळा होणार नाही. त्या खोडून तुझ्या घाल.

कळावे. राग ठेवायचा तर ठेव, पण कादंबरी ठेवून देऊ नकोस.
गुरुलिंग


मुखेड, दि. १७ जून २०२३

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

पार्सल उघडलं आणि मी रडले. हे लिहिणार नव्हते, कारण तुम्ही त्यावरही काहीतरी बोलाल. पण रडले हे खरं आहे. एकेका पानावर बोट फिरवलं की जोड लागतो हाताला. माझी शिवण अशी कधी जमली नाही.

आता दोनशे चौदा. दादा कॉलेजात जाऊन बहिणीचं नाव कमी करून घरी येतो, ते हे प्रकरण. माझ्या दोन ओळी मला तोंडपाठ आहेत, तुम्हाला सांगत नाही. तुम्ही त्या जागी लिहिलंय की दादा कॉलेजातून सरळ घरी आला नाही, दुपारभर बसस्टँडवर बसून राहिला आणि एकाही गाडीत चढला नाही. हे खरं आहे, की तीन महिन्यांत तुम्हालाही कादंबरीची हवा लागली? खरं असेल तर अजून एक विचारते. इतका वेळ बसलातच तर उठून परत कॉलेजात का गेला नाहीत? नाव पुन्हा घालायला पाच मिनिटं लागली असती. बाकावर बसून हळहळणारे दादा पुष्कळ असतात, आमच्या मुखेडच्या स्टँडवर रोज चार दिसतात.

मी शाईनं स्वच्छ प्रत करायला घेतली आहे. ब्लाउज सकाळी, कादंबरी दुपारी. चारही बाजूंनी दोन दोन बोटं जागा सोडते. इतकं तुम्ही शिकवलंत.

लोभ पुन्हा सुरू केला आहे, नोंद घ्यावी.
शिल्पा


मुखेड, दि. ४ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

माझ्या त्या प्रश्नाला तुम्ही दीड वर्षात उत्तर दिलं नाही. वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कापडाचा भाव, सगळं कळवलंत, तेवढं सोडून. असो. पुस्तक आलं. एक प्रत सोबत आहे.

मधला तमाशा तुम्हाला तुकड्यातुकड्यांनी कळवला आहे, आता पुरा ऐका. त्या स्पर्धावाल्या साहित्य मंडळाचे अध्यक्ष प्रा. सटवाजी यांच्याकडे गेल्या वर्षी प्रत दिली. दोन महिन्यांनी बोलावलं. म्हणाले की कादंबरी ठीक आहे, पण यात तुमचा आजार कुठे आहे? पहिलं प्रकरण खाटेवर सुरू करा, मुखपृष्ठावर त्या टांगलेल्या फळीखाली झोपलेला तुमचा फोटो टाकू, नाव देऊ 'झुंज मरणाशी', लोक रडतील. मी सांगितलं की माझ्या नायिकेला अख्ख्या पुस्तकात साधी सर्दी होत नाही, आणि फळीखाली झोपून फोटो काढायची माझी हौस फिटली आहे. त्यांना ते आवडलं नाही. बक्षीस एका निवृत्त साहेबांच्या कादंबरीला गेलं. साहेबांना मधुमेह आहे म्हणे.

मग उज्वलाताई भेटल्या. नांदेडलाच त्या लहानसं प्रकाशन चालवतात. पुरी कादंबरी वाचणाऱ्या त्या दुसऱ्या. त्यांनी पहिलीच सूचना केली की सुरुवातीची साठ पानं काढा. मी विचारलं की लातूरच्या एका बहिऱ्या बाइंडरला तुम्ही ओळखता का. साठ पानं काढली, त्रास झाला, पण नायिका आता पहिल्याच पानावर कॉलेजात आहे.

परवा नांदेडला प्रकाशन झालं. अध्यक्ष कोण, तर प्रा. सटवाजी. हॉल त्यांच्या ओळखीचा होता, उज्वलाताईंचा नाइलाज. चाळीस मिनिटं बोलले. पुस्तक उघडल्याचं कुठे जाणवलं नाही, आजारावर मात्र भरभरून बोलले. तोही कॅन्सर म्हणून सांगितला. मी खुर्चीवर बसल्या बसल्या टीबीची कॅन्सरची झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला उभं राहायला सांगितलं, चालून दाखवायचं तेवढं राहिलं. सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. शेजारच्या बाईला सांगत होत्या की लई सोसलं लेकरानं, म्याच रोज अंडी खाऊ घालून उठवली बघा. शिवशंकर नुसते खाली बघत होते.

एकाही माणसानं कादंबरीतलं एक वाक्य उच्चारलं नाही. फक्त हार घालायला आलेली एक कॉलेजातली मुलगी हळूच म्हणाली की तो दादा बसस्टँडवर बसतो ना, तिथे माझ्यानं पुढं वाचवलं नाही. मी तिला थँक्यू म्हटलं. ती ओळ माझी नाही हे सांगितलं नाही.

होय, ठेवल्या तुमच्या दोन ओळी. तुम्हाला माफ केलं म्हणून नव्हे. माझ्या ओळींनी दादा वाईट दिसत होता, तुमच्यांनी तो माणूस दिसतो, आणि वाईटही राहतो. पुस्तकाला ते बरं.

कळावे. लोभ छापून झाला आहे, आता बदलता येणार नाही.
शिल्पा


लातूर, दि. १९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शिल्पास,
अ. उ. आ.

पुस्तक मिळाले. बांधणी अगदी रद्दी आहे. नुसता गोंद फासला आहे, दोनदा उघडले की पाने हातात येतील. उज्वलाताईंना माझा पत्ता दे. मी तुझी प्रत उसवून पुन्हा शिवली, पाठीला कापड लावले, ती परत पाठवतो. कडा कापल्या नाहीत. वरखाली दिसतात, दिसू देत.

दोनशे चौदा आता छापात एकशे एकसष्टवर आले आहे. दोन्ही ओळी तशाच आहेत. मला वाटले होते तू खोडशील.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर लिहितो. परत गेलो नाही कारण आईचे अंथरूण धुवायला घरी कुणी नव्हते, आणि ते मला जमले नसते. जमवले असते तर जमले असते. एवढेच उत्तर आहे. ते मोठे नाही म्हणून दीड वर्ष लागले.

आणखी एक. पाकिटात पेन्सिलीची एक पट्टी आहे. ती हरवली नव्हती. गोणीत पहिल्याच दिवशी, सगळ्यांत आधी तीच हाताला लागली होती. त्यावर तू लिहिले आहेस की दादाने नाव कमी करून आल्यावर हात धुतले, दोन भाकरी खाल्ल्या आणि वर ताक मागितले. दोन वर्षे मी ती हिशेबाच्या वहीत दाबून ठेवली होती. चिकटवायला हात गेला नाही.

बसस्टँडवर बसलो होतो, हे खरे. पण त्यानंतर घरी येऊन जेवलो होतो. भाकरी तूच वाढली होतीस. दुसरी आवृत्ती निघाली तर माझ्या ओळींच्या खाली तुझ्या दोन्ही घाल.

तुझा,
गुरुलिंगअण्णा